आजोबांची पद्मश्री: पत्रिकेत छापायची का, शेरवानीला लावायची का, आणि त्याआधी ते पॉलिशचं फडकं खाली ठेवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण एका प्रश्नात तुम्ही पाच प्रश्न घातलेत. थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमच्या आजोबांना १९६८ साली पद्मश्री मिळाली. आता कपाटातून डबी निघाली, त्यात एक मोठं मेडल, एक छोटं मेडल, विटलेली रिबन, आणि वेगळी गुंडाळून ठेवलेली सनद. डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, काकांना पत्रिकेत 'पद्मश्री कै. अमुक तमुक यांची नात' असं छापायचंय, बाबा म्हणतात ते बेकायदेशीर आहे. तुम्हाला छोटं मेडल शेरवानीला लावायचंय. शिवाय पद्मश्री ही सगळ्यात खालची रँक का, मग पुढे आजोबांना प्रमोशन का मिळालं नाही, आणि मेडल सोन्याचं आहे का.

आमचं दुकान कॅम्पात, वडिलांच्या वेळेपासून रिबन आणि मेडल माउंटिंगचं काम. गिऱ्हाईक बहुतेक फौजी, पण वर्षातून चार-पाच वेळा तुमच्यासारखी डबी घेऊन कोणीतरी येतंच आणि गंमत म्हणजे प्रश्न ठरलेले असतात. घरात भांडण पत्रिकेवरून दिसत असलं तरी खरा घोळ दुसराच असतो, पद्मश्री म्हणजे पदवी आहे असं सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. रावबहादूर होते ना, तसं. जुन्या पुण्यात वाड्यांच्या दगडी पाट्यांवर रावबहादूर, रावसाहेब कोरलेलं अजून दिसतं आणि आपल्या डोक्यात तेच बसलंय. ते एकदा डोक्यातून काढलं की तुमच्या पाचही प्रश्नांचा गुंता सुटतो.

तर इंग्रजांच्या काळात खरोखरची 'ऑर्डर' असायची, म्हणजे एक प्रकारचं मंडळच, त्यात तुम्हाला सभासद करून घ्यायचे. ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर घ्या, तिच्यात खालून वर सीआयई, केसीआयई, जीसीआयई अशा तीन पायऱ्या. केसीआयई झालं की नावाच्या आधी 'सर' लागायचं, म्हणून १९११ नंतर आपले भांडारकर सर रामकृष्ण भांडारकर झाले. गोखल्यांना १९०४ ला सीआयई दिली होती, १९१४ ला केसीआयई देऊ केली ती त्यांनी नाकारली, नाहीतर आज आपण सर गोपाळ म्हटलं असतं (कानाला कसंतरीच वाटतं). फ्रेंच लोकांची लेजन ऑफ ऑनर अजून तशीच चालते, पाच पायऱ्या, आणि फ्रेंच माणूस असेल तर साधारण खालच्या पायरीपासून सुरुवात करून वर चढायचं. तिथे तुम्ही म्हणता तसं प्रमोशन आहे.

आपल्याकडे घटनेच्या १८व्या कलमानं हे सगळं बंद केलं, लष्करी आणि शैक्षणिक सोडून सरकार कुणाला पदवी देणार नाही. म्हणून कर्नल चालतं, डॉक्टर चालतं, रावबहादूर गेलं. मग २ जानेवारी १९५४ ला भारतरत्न आणि पद्मविभूषण सुरू झाले, आणि त्या वेळी पद्मविभूषणात पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग असे तीन वर्ग होते, म्हणजे अगदी रेल्वेच्या डब्यासारखं. पहिल्या वर्गाच्या पहिल्या यादीत सहाच जण, त्यात आपले बाळासाहेब खेर होते, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले. वर्षभरात कुणालातरी हे 'वर्ग' प्रकरण खटकलं असावं, ८ जानेवारी १९५५ ला नावं बदलली, विभूषण, भूषण आणि श्री. तेव्हा तुमच्या आजोबांचं जे आहे ते मुळातला तिसरा वर्ग, हे खरंय. पण खालची रँक म्हणून त्याच्याकडे बघू नका, कारण हे तीन स्वतंत्र सन्मान आहेत आणि एक मिळाला म्हणून दुसऱ्यावर हक्क लागत नाही.

उदाहरणं बघा की. महर्षी कर्व्यांना १९५५ ला थेट पद्मविभूषण, खालचं काहीच नाही, आणि १९५८ ला भारतरत्न. सचिनला १९९९ ला पद्मश्री, मग २००८ ला एकदम विभूषण, मधलं भूषण नाहीच. पुलंना १९६६ ला पद्मश्री आणि भूषण मिळायला १९९० उजाडलं, चोवीस वर्षं. भीमसेनजी मात्र एकेक पायरी चढले, १९७२ श्री, १९८५ भूषण, १९९९ विभूषण आणि मग भारतरत्न, असे चारही मिळालेले देशात मोजकेच. नियमात एवढंच आहे की एक पद्म मिळाल्यावर वरचं द्यायचं तर साधारण पाच वर्षांचं अंतर हवं, तेही फारच योग्य माणूस असेल तर शिथिल करता येतं. पाच वर्षं झाली की आपोआप फाइल वर सरकते वगैरे काही नसतं, कोणीतरी पुन्हा शिफारस करायला लागते, कमिटीनं पुन्हा विचार करायला लागतो. तुमच्या आजोबांसाठी बहुतेक कोणी केली नसेल, किंवा केली असेल आणि झालं नसेल. आणि आता करू का असं विचाराल तर नाही, मरणोत्तर साधारणपणे देत नाहीत, फारच मोठं काम असेल आणि माणूस नुकताच म्हणजे त्या प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या वर्षभरात गेला असेल तर विचार होतो.

आता पत्रिका. इथे तुमचे बाबा बरोबर आहेत, काका भावनेनं बोलतायत.

नव्वदच्या दशकात दोन हायकोर्टांत याचिका गेल्या होत्या, एक केरळात, एक मध्य प्रदेशात, मुद्दा हाच की या पदव्या आहेत म्हणून १८व्या कलमात बसत नाहीत, बंद करा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तोपर्यंत वाटप थांबलं. १५ डिसेंबर १९९५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला, बालाजी राघवन खटला म्हणून सापडेल. कोर्ट म्हणालं की या पदव्या नाहीत, म्हणून चालू ठेवा, पण पदव्या नाहीत म्हणूनच नावाच्या आधी किंवा नंतर लावायच्या नाहीत, लावल्या तर सन्मान काढून घेता येईल. म्हणजे एकाच मुद्द्यावर पुरस्कार वाचला आणि त्याच मुद्द्यावर 'पद्मश्री अमुक' लिहायला बंदी आली. गृहखात्याच्या सूचनेत तर लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पोस्टर, पुस्तकं अशी नावं घेऊन लिहिलंय, तेव्हा लग्नपत्रिका सरळ त्यात येते.

प्रत्यक्षात काय होतं? पेपरात रोज छापतात, फ्लेक्सवर छापतात, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात निवेदक 'पद्मश्री' म्हणूनच पुकारतो, आणि पत्रिकेवरून कुणाचं मेडल परत गेलेलं माझ्या पाहण्यात नाही. तरी मी गिऱ्हाइकांना छापू नका असंच सांगतो, कारण ज्यांच्या नावाला मान द्यायला ते छापताय त्यांच्याच सन्मानाचा नियम मोडून छापताय, हे जरा विचित्र होतं. काकांसाठी मधला मार्ग आहे: 'कै. अमुक तमुक (१९६८ साली पद्मश्री सन्मान) यांची नात'. ही माहिती झाली, उपाधी नाही. म्हणजे अमक्याला साहित्य अकादमी मिळाला असं आपण लिहितो, पण 'साहित्य अकादमी अमुक' असं कोणी लिहीत नाही, तसंच हे. कंसातलं थोडं लहान टाइपात घ्या, दिसायलाही बरं दिसतं. काकांना एवढं सांगितलंत की 'साल घातलं की जास्त भारदस्त वाटतं' तर ते बहुतेक ऐकतील, काका लोकांचा माझा अनुभव तसा आहे.

आता शेरवानी. सन्मानाबरोबर मोठ्या मेडलची एक छोटी प्रतिकृती देतात, तेच तुमच्या डबीतलं छोटं. आम्ही त्याला मिनिएचर म्हणतो. सरकारी किंवा समारंभाच्या प्रसंगी ते लावायची मुभा आहे, पण ज्याला सन्मान मिळाला त्या माणसाला. नातवाला नाही. फौजेच्या मेडल्सचं बऱ्याच देशांत असं आहे की वारस आजोबांची मेडल्स उजव्या छातीवर लावतात, ते कुठेतरी बघून लोक माझ्याकडे विचारतात, पण पद्मच्या बाबतीत तशी पद्धत नाही. तुमच्या बहिणीच्या लग्नात तुम्ही लावलंत तर पोलीस येणार नाहीत, पण तिथे आजोबांच्या वयाचा एखादा रिटायर्ड कर्नल नक्की असेल आणि तो तुमच्याकडे ज्या नजरेनं बघेल ती मी दुकानात खूपदा बघितलीये. त्यापेक्षा मांडवात प्रवेशाजवळ आजोबांचा फोटो आणि शेजारी काचेच्या फ्रेममध्ये मोठं मेडल ठेवा, जवळ कोणीतरी घरचं माणूस उभं राहू दे.

लावण्यावरून आठवलं. एकदा एक मिलिटरी डॉक्टर आले होते, सरकारी नोकरांना एरवी पद्म देत नाहीत पण डॉक्टर आणि शास्त्रज्ञ अपवाद आहेत, तर त्यांच्याकडे परमविशिष्ट सेवा पदक, अतिविशिष्ट सेवा पदक आणि पद्मश्री. पोरगा नवीन होता माझ्याकडे, त्यानं सिव्हिलियन मेडल म्हणून पद्मश्री पार शेवटी टाकलं. चूक. क्रम असा की परमविशिष्ट आधी, मग पद्मश्री, मग अतिविशिष्ट, म्हणजे बरोबर मधे येतं. सगळ्यात वर भारतरत्न, मग परमवीर चक्र, अशोक चक्र, त्यानंतर विभूषण आणि भूषण, पण श्री मात्र महावीर चक्र आणि कीर्ती चक्र यांच्याही नंतर. ही रांग कोणी नीट बघितली तर भूषण आणि श्री यांच्यामध्ये केवढं अंतर ठेवलंय ते कळतं. मात्र हे सगळं छातीवरच्या क्रमापुरतं. समारंभात कोण आधी बसणार ती जी सरकारी यादी असते, तिच्यात भारतरत्नाला ७ अ क्रमांक आहे, पद्मवाल्यांना जागाच नाही.

आता डबी उघडा आणि माझ्याबरोबर बघा. मोठं मेडल गोल असेल, व्यास पावणेदोन इंच, जाडी साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. मधे कमळ, वर 'पद्म', खाली 'श्री', देवनागरीत. उलटं केलंत की अशोकस्तंभाची राजमुद्रा आणि 'सत्यमेव जयते'. अगदी पहिल्या नमुन्यात मागे 'देश सेवा' असं होतं, पण तुमचं ६८ चं आहे म्हणजे ते दिसणार नाही. ही मेडल्स कलकत्त्याला अलीपूरच्या टांकसाळीत बनतात.

रिबन सव्वा इंच रुंद, गुलाबी. इथे एक सोपी खूण: सगळी गुलाबी असेल तर विभूषण, मधे एक रुंद पांढरा पट्टा असेल तर भूषण, दोन पांढरे पट्टे असतील तर श्री. म्हणजे पट्टे जितके कमी तितका सन्मान मोठा, फौजेच्या फीतवाल्या डोक्याला हे उलटं वाटतं. धातूच्या रंगावरून ओळखायला जाऊ नका, कारण भूषणावरचं उठावाचं काम सोनेरी असतं ते कळतं, पण विभूषण आणि श्री दोन्ही पांढरट दिसतात, आणि विटलेल्या रिबनवर पट्टे दिसेनासे झाले की मग अक्षरं वाचणं हाच उपाय. हसू नका, एका घरात तीस वर्षं श्रीला विभूषण समजत होते, कारण कोणी चष्मा लावून बघितलंच नव्हतं.

सोन्याचं आहे का? अंग ब्राँझचं आहे. वरचं काम पातळ. कृपा करून सराफाकडे नेऊ नका. माझ्याकडे एक पद्मभूषण आलं होतं, त्याच्या कडेवर बारीक चकाकणारी पट्टी घासलेली, पेन्सिलच्या टोकाएवढी. आधी वाटलं पडलंबिडलं असेल. नंतर मुलगा म्हणाला, वाटणीच्या वेळी किती तोळे आहे बघायला दिलं होतं. सराफानं सवयीनं कसोटीवर ओढलं. ती पट्टी आता कायमची, त्यावर काही करता येत नाही, मी तरी करत नाही.

पॉलिशचंही तेच. तुम्ही लिहिलंय की पितळेचं पॉलिश आणून ठेवलंय. नका लावू. ब्राँझवर जो तपकिरी रंग दिसतो तो मळ नाही, मुद्दाम आणलेली झाक आहे, तो घासला की मेडल नव्या तांब्यासारखं भडक होतं आणि अक्षरांवरचा मुलामा जातो. माझ्या हातूनच अगदी सुरुवातीला एक गेलंय, गिऱ्हाईक खूश झालं 'काय चमकलं' म्हणून, वडिलांनी मला आठवडाभर दुकानात हात लावू दिला नाही. मऊ कोरडं सुती कापड, बस. हिरवट काही दिसलं तर घासू नका, जाणकाराला दाखवा. डांबरगोळी डबीत टाकू नका, सिलिका जेलची पुडी टाका. हात लावताना कडेला धरा, घामाचे ठसे धातूवर उमटतात आणि मग राहतात.

रिबन बदलायची की नाही हे तुम्ही काय करणार त्यावर आहे. फ्रेममध्ये लावायचं असेल तर नवीन रिबन लावा, मिळते, पण रिबनचा गुलाबी नीट बघून घ्या, बाजारात राणी कलरची भडक मिळते ती नको. जुनी रिबन मात्र फेकायची नाही, बटर पेपरात नको, आम्लविरहित कागदात सपाट ठेवून फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवा. नुसतं जपून ठेवायचं असेल तर जुनीच राहू द्या. मी स्वतः असतो तर जुनी ठेवली असती, ती रिबन त्या दिवशी आजोबांच्या कोटावर होती.

सनद हा तुम्ही सगळ्यात कमी लिहिलेला आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. मेडल दिसायला छान, पण सन्मानाचा कागद म्हणजे सनद, तिच्यावर राष्ट्रपतींची सही आणि शिक्का. ६८ साली राष्ट्रपती झाकीर हुसेन. तेच झाकीर हुसेन ज्यांना ५४ च्या पहिल्या यादीत खेरांबरोबर पद्मविभूषण मिळालं होतं, म्हणजे पद्मवाल्यानं सही केलेली पद्मश्री तुमच्या घरात आहे, आणि काका लोकांना हे पत्रिकेपेक्षा जास्त सांगण्यासारखं आहे. तर ती गुंडाळी एकदम सपाट उलगडू नका, घडीवर तडकेल, दोन-तीन दिवस हळूहळू जड पुस्तकाखाली, वरखाली स्वच्छ कागद ठेवून. चिकटपट्टी नाही. लॅमिनेशन तर अजिबात नाही, उष्णतेनं शाई आणि कागद दोन्हीचं वाटोळं होतं आणि ते परत निघत नाही. मी निम्म्या घरांत सनद लॅमिनेट केलेलीच बघतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. चांगला स्कॅन करा, कलर प्रिंट भिंतीला लावा, मूळ कपाटात. भिंतीवर ऊन येत असेल तर पाच-सात वर्षांत सही फिकी पडते.

एक गोष्ट अजून, साल तपासा. घरात सांगितलेलं साल बऱ्याचदा चुकीचं असतं. एकदा एक जण छातीठोकपणे '७९ ची पद्मश्री' म्हणत आले, तर जनता सरकारनं जुलै १९७७ ला हे सन्मान थांबवले होते ते जानेवारी १९८० ला पुन्हा सुरू झाले, त्यामुळे ७८ आणि ७९ ला पद्म नव्हतंच. तसंच ९३ ते ९७, त्या खटल्यामुळे. त्यांच्या वडिलांची निघाली ७६ ची. तुमचं ६८ मधलं असल्यानं अडचण दिसत नाही, पण पत्रिकेत साल घालणार असाल तर सनदेवरचं वाचून घाला, आणि गृहखात्याच्या पद्म पुरस्कारांच्या वेबसाइटवर वर्षवार यादी आहे तिच्यात आजोबांचं नाव, स्पेलिंगसकट, बघून घ्या, गॅझेटमध्येही येतं. जुन्या याद्यांत आडनावांची स्पेलिंगं कशीही असतात त्यामुळे नुसतं सर्च करू नका, ६८ चं पान उघडून डोळ्यांनी खाली जा.

तेव्हा आत्ता लगेच करायचं म्हणजे प्रेसवाल्याला फोन करून पत्रिकेचं प्रूफ थांबवा, आणि पॉलिशची बाटली घरातल्या समईसाठी वापरा. फ्रेम करायची ठरली तर आधी दोन्ही मेडल्सचे पुढून-मागून फोटो टाका, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. छोट्याला मागे पिन आहे का नुसती कडी आहे ते मला बघायचंय, त्यावर फ्रेममध्ये ते कसं टांगायचं ते ठरेल.